नू किती वर्षे जगतो, आणि ते ठरवते कोण?

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवताळ मैदानांत स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्टची, म्हणजेच नूची, संख्या किती, या प्रश्नाला कित्येक वर्षे एकच उत्तर मिळत आले होते: साधारण १३ लाख. विमानातून छायाचित्रे काढायची, त्यांतली जनावरे मोजायची आणि त्यावरून सगळ्या कळपांचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. २०२५ मध्ये एक वेगळी गणती प्रसिद्ध झाली. संशोधकांनी ऑगस्ट २०२२ आणि ऑगस्ट २०२३ मधली उपग्रहाची छायाचित्रे घेतली, त्यांतला एकेक ठिपका कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ओळखून घेतला, आणि आकडा आला ६ लाखांहूनही कमी.

अशी बातमी वाचली की पहिला विचार येतो, निम्मी जनावरे मेली. दुसरा विचार सिंहांचा आणि मगरींचा, कारण नदीत उड्या घेणारे कळप आणि पाण्यात दबा धरून बसलेल्या मगरी आपण सगळ्यांनीच पडद्यावर पाहिल्या आहेत. दोन्ही विचार घाईचे आहेत. उपग्रहाला झाडाखाली उभे असलेले जनावर दिसत नाही, आणि त्या दिवशी सगळे कळप छायाचित्राच्या चौकटीत असतीलच असेही नाही. त्यामुळे दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकाखाली एक मांडून वजाबाकी करता येत नाही. आणि मारते कोण, याचे उत्तर तर पडद्यावर दिसते त्याहून फारच वेगळे आहे. ते कळायचे तर हा प्राणी काय खातो, किती जगतो आणि कशाने मरतो, तिथून सुरुवात करावी लागते.

हा प्राणी कोणत्या घरातला?

विल्डबीस्टचे दुसरे नाव नू. सुटसुटीत आहे, म्हणून पुढे तेच वापरू. हरणांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत दोन वेगळी घराणी आहेत. सांबर आणि चितळ हे सारंग; त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे हाडाच्या गाभ्यावर बसलेल्या पोकळ आवरणाची असतात आणि जन्मभर टिकतात. नू हा कुरंग आहे, आणि कुरंग हे गाय, म्हैस, शेळी यांच्याच मोठ्या कुळातले. नूमध्ये नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात.

नूच्या दोन जाती आहेत. काळा नू फक्त दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशातला; एकोणिसाव्या शतकात बेसुमार शिकारीमुळे तो संपतच आला होता, आणि काही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर राखलेल्या थोड्याशा जनावरांपासून पुन्हा वाढला. दुसरी जात निळ्या नूची. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेला, लाखोंच्या कळपांनी चालणारा हाच. पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो, मादी त्याहून हलकी. हा लेख मुख्यतः सेरेंगेटीतल्या निळ्या नूबद्दल आहे.

‘२० वर्षे’ म्हणजे नेमके काय?

नूचे आयुष्य किती, असे कुठेही विचारले तर ‘सुमारे २० वर्षे’ असे उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण ते कमाल आयुष्य आहे. म्हणजे या शरीरात सगळे सुरळीत चालले तर गाडी कुठवर जाऊ शकते, त्याची मर्यादा. बंदिस्त जागेत, रोजचा चारा आणि औषधपाणी मिळत असताना, नू २४ वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. मोकळ्या रानात विशीपर्यंत पोहोचणारे फार थोडे.

सरासरी आयुर्मान ही त्याहून वेगळी गोष्ट. जन्मलेल्या सगळ्या पाडसांची वये मिळवून भागाकार केला की ते येते, आणि पहिल्या वर्षात बरीच पाडसे मरत असल्याने ते फार खाली उतरते. पण त्या सरासरीवरून ‘नू चार-दोन वर्षांत म्हातारा होतो’ असा अर्थ कोणी काढला तर तोही चूकच. ज्याने पहिली दोन वर्षे काढली, त्याला पुढे बरीच वर्षे मिळण्याची चांगली शक्यता असते.

थोडा हिशेब करून पाहू. मादी साधारण तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा विते आणि त्यानंतर बहुतेक प्रौढ माद्या दरवर्षी गाभण राहतात. एका वेतात एकच पाडस. मादी १५ वर्षे जगली तर तिच्या पदरी दहा-बारा पाडसे पडतात. कळपाची संख्या स्थिर राहायला त्यांतली फक्त दोन मोठी होऊन स्वतः विण्याच्या वयाला पोहोचली की पुरे: एक आईच्या जागी, एक बापाच्या जागी. उरलेली आठ-दहा त्याआधी मेली तरी कळप घटत नाही. म्हणून पाडसे मरताना पाहून हळहळ वाटली, आणि ती वाटणारच, तरी तेवढी दोन मोठी होत असतील तोवर त्या मरणावरून जातीचे भवितव्य ठरत नाही. ठरते ते विणाऱ्या मादीला किती वर्षे मिळतात यावरून.

दाढांवर चालणारे घड्याळ

त्या वर्षांची पहिली मर्यादा तोंडात असते. नूच्या वरच्या जबड्यात समोर दातच नसतात. तिथे कडक गादी असते आणि खालच्या जबड्यातले आठ दात तिच्यावर दाबून गवत तोडले जाते. तोंड रुंद आणि दातांची रांग सपाट, त्यामुळे जमिनीलगतचे बोटभर उंचीचे कोवळे गवत तो भराभर खुडू शकतो. झाडपाला एकेक पान निवडून खाण्यासाठी हे तोंड नाही.

गवत दिसायला मऊ असले तरी त्याच्या पानांत सिलिकाचे बारीक कण असतात. त्यावर मैदानातली धूळ बसलेली. हे सगळे दिवसातून कित्येक तास दळायचे, गिळायचे, पुन्हा तोंडात आणून रवंथ करायचे. म्हणून चरणाऱ्या प्राण्यांच्या दाढा उंच असतात. बराच भाग हिरडीखाली राखीव असतो आणि झिजेल तसा वर सरकतो.

इथे जात्याची आठवण ठेवली तर पुढचे सोपे होईल. जाते वापरून गुळगुळीत झाले की पीठ नीट पडत नाही, मग त्याला टाकी लावून दगड पुन्हा खरखरीत करावा लागतो. नूच्या दाढेला ही टाकी आपोआप लागते. दाढेत कठीण इनॅमलचे आणि त्याहून मऊ डेंटिनचे थर शेजारीशेजारी असतात. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थराच्या कडा वर उभ्या राहतात, आणि दळण्याचा पृष्ठभाग खरखरीतच राहतो. पण प्रत्येक टाकीसरशी दगड थोडा कमी होतो, तसेच इथेही. दाढेची उंची ठरलेली, आणि दुधाचे दात पडून एकदा कायमचे आले की पुन्हा नवा संच येत नाही.

म्हातारपणी इनॅमलच्या कडाही घासून जातात. गवत पुरेसे बारीक दळले जात नाही आणि जाडसर चोथा पोटात जातो. जनावर चरत असते, पोट भरलेले दिसते, तरी ते वाळत जाते. हिरव्या ऋतूत हे निभते. कोरड्या ऋतूत नाही. नूचे ‘म्हातारपणाने मरणे’ बहुतेकदा असे असते, आणि अशा जनावराला शेवटी तरसाने पाडले तरी मरणाची सुरुवात दाढेपासून झालेली असते.

पोट भरलेले, तरी उपासमार

झिजलेल्या दाढांची गोष्ट म्हाताऱ्यांची. पण भरल्या पोटी उपाशी राहण्याची वेळ तरुण जनावरांवरही येते, आणि मला या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

गवतातला तंतुमय भाग कोणत्याही सस्तन प्राण्याला स्वतःच्या पाचकरसांनी पचवता येत नाही. रवंथ करणारे प्राणी ते काम सूक्ष्मजीवांकडून करून घेतात. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. सगळ्यात मोठे कोटीपोट. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर जनावराला ऊर्जा मिळते. पुढे ते सूक्ष्मजीवही खऱ्या पोटात जाऊन पचतात. जनावराला मिळणारी बरीचशी प्रथिने तीच. म्हणजे नू गवत खातो ते आधी या सूक्ष्मजीवांना पोसण्यासाठी.

सूक्ष्मजीवांना वाढायला नायट्रोजन लागतो आणि तो गवतातल्या प्रथिनांतून येतो. कोवळ्या गवतात प्रथिने भरपूर असतात. गवत वाढून वाळले की त्यांचे प्रमाण उतरत जाते, आणि वाळलेल्या वजनाच्या साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेले की सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते. मग आत गेलेला चारा लवकर पुढे सरकत नाही. कप्पा भरलेलाच राहतो, नवा चारा मावत नाही, आणि जनावर दिवसेंदिवस स्वतःची चरबी जाळत राहते. आधी पाठीवरची चरबी जाते, मग मूत्रपिंडांभोवतीची, आणि सगळ्यात शेवटी हाडांच्या पोकळीतली, म्हणजे मज्जेतली.

या शेवटच्या टप्प्यामुळे संशोधकांना एक भरवशाची खूण मिळाली. मेलेल्या नूच्या पायाचे लांब हाड फोडून पाहायचे. मज्जा पांढरी आणि घट्ट असेल तर जनावर धडधाकट असताना मेले. ती पारदर्शक, पाणचट, लिबलिबीत झाली असेल तर शरीराचा शेवटचा साठाही संपला होता. मग वरून सिंहाच्या दातांच्या खुणा दिसत असोत वा नसोत.

मग सिंह आणि मगरी किती मारतात?

सायमन म्दुमा, अँथनी सिंक्लेअर आणि रे हिलबॉर्न या संशोधकांनी सेरेंगेटीतल्या नूंची ४० वर्षांची माहिती एकत्र करून १९९९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, तपासलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७५ टक्क्यांत मुख्य कारण कुपोषण होते. कोरड्या ऋतूत दर जनावरामागे हिरवे गवत किती उरते, यावर कळपाची वाढ किंवा घट ठरत होती. १९९३ च्या मोठ्या अवर्षणात हे ढळढळीत दिसले. १२ लाखांच्या आसपासचा कळप ९ लाखांच्याही खाली आला, आणि त्या वर्षी सिंहांची संख्या काही वाढली नव्हती.

मगरी आणि नदीचे काय? स्थलांतराच्या वाटेवरच्या मारा नदीत बुडून मरणाऱ्या नूंचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी सरासरी ६,२५० जनावरे. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण १३ लाखांच्या कळपात तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास बसतो. आणि यांतली बहुतेक मगरीच्या जबड्यात सापडत नाहीत. गर्दी, उंच काठ आणि पाण्याचा जोर यांत बुडतात. ती कुजून नदीला मिळणारे पोषण मात्र प्रचंड असते. मांस काही आठवड्यांत संपते, हाडांना पूर्ण विरघळायला सात वर्षे लागतात, आणि तेवढा काळ त्यांतला फॉस्फरस पाण्यात झिरपत राहतो. मासे, गिधाडे, मारबू करकोचे, पाण्यातले किडे, सगळ्यांचा त्यावर वाटा.

‘मग सिंहांचा काहीच परिणाम नाही का?’ असे कोणी विचारेल. आहे, पण कुठे आणि कोणावर ते पाहावे लागते. सेरेंगेटीतल्याच एका अभ्यासात असे आढळले की साधारण १५० किलोंपेक्षा लहान शाकाहारी प्राणी मुख्यतः शिकाऱ्यांकडून मरतात; त्याहून मोठे झाले की चाऱ्याची टंचाई हे मोठे कारण बनते. नू या रेषेच्या जरा वर आहे. त्यातही जे नू स्थलांतर न करता एकाच जागी राहतात, त्यांच्यावर शिकाऱ्यांचा भार जास्त पडतो. चालत राहणाऱ्यांचे तसे होत नाही. सिंहिणीला बछडे सोडून शेकडो किलोमीटर कळपामागे जाता येत नाही, सिंहांच्या टोळीला हद्द असते. म्हणून वर्षातले काही आठवडे त्यांच्यापुढे नूंचा पूर असतो आणि नंतर कित्येक महिने काहीच नसते. सिंहांची संख्या ठरते ती त्या रिकाम्या महिन्यांवरून, आणि लाखोंच्या कळपाला आवर घालण्याइतकी ती कधीच होत नाही.

तीन आठवड्यांत लाखो पाडसे

पाडसांच्या बाबतीत शिकारी खरोखर धोकादायक असतात. नूने त्यावर काढलेला तोडगा वेगळाच आहे. बहुतेक कुरंग आपले पिल्लू पहिले काही दिवस गवतात लपवून ठेवतात. नू ज्या मैदानात विते तिथे लपायला गवतच नसते. म्हणून तिथे सगळ्या माद्या जवळपास एकाच वेळी वितात. गर्भकाळ आठ ते साडेआठ महिन्यांचा, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान दोन-तीन आठवड्यांत सुमारे ८० टक्के पाडसे जन्माला येतात. एवढी पाडसे एकदम आली की तरसांची आणि सिंहांची पोटे भरतात, तरी पाडसे उरतात. या गर्दीच्या आधी किंवा नंतर जन्मलेल्यांची मात्र धडगत नसते.

पाडस जन्मल्यावर साधारण पाच ते दहा मिनिटांत पायांवर उभे राहते आणि लगेच आईच्या अंगाला लागून चालू लागते. एक-दोन दिवसांत ते कळपाबरोबर पळते. आईची आणि त्याची चुकामूक झाली तर मात्र दुसरी मादी त्याला पाजत नाही.

सगळ्या माद्या एकाच वेळी माजावर येतात कशा? पावसानंतरचे चांगले गवत आणि शरीरात साठलेली चरबी हा त्याचा पाया. पण आणखी एक गोष्ट २०१८ च्या एका प्रयोगात दिसली. बंदिस्त जागेतल्या माद्यांना माजाच्या काळातल्या नरांच्या ओरडण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा त्यांचे माजावर येण्याचे दिवस एकमेकींच्या जवळ सरकले. मे-जूनच्या सुमारास हजारो नर रात्रंदिवस हुंकारत असतात ते निव्वळ भांडणासाठी नाही. नरांना या काळाची किंमतही मोजावी लागते. आपली जागा राखणारा नर नीट चरत नाही, सतत धावतो, टकरा घेतो, आणि लगेच पुढे कोरडा ऋतू येतो.

बुळकांडी गेली तेव्हा काय झाले

चारा हाच खरा लगाम आहे, याचा आणखी एक पुरावा एका रोगाने दिला. गुरांचा बुळकांडी हा रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत उतरला आणि पुढच्या दहा वर्षांत त्याने खंडभर गुरे, म्हशी आणि रानटी जनावरे मारली. गुरांवर जगणाऱ्या मसाईंसारख्या समाजांची त्यात भयंकर उपासमार झाली. नूंमध्ये तो पुढे कित्येक दशके रेंगाळत राहिला. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरली की पाडसे त्याला बळी पडत. कळपात विणाऱ्या माद्या होत्या, पाडसेही दरवर्षी जन्मत होती, पण मोठी होत नव्हती.

मग सेरेंगेटीभोवतीच्या पाळीव गुरांना लस टोचण्यात आली. नूंना कोणी हातही लावला नाही. १९६३ च्या सुमारास त्यांच्यातला रोग थांबला. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले नू १९७७ पर्यंत १३ लाखांच्या वर गेले. या काळात सिंह आणि तरसही वाढले, तरी कळप वाढतच राहिला. तो थांबला चारा अपुरा पडू लागला तेव्हा. बुळकांडीचे जगातून समूळ उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

या वाढीचे परिणाम फार दूरवर गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्यांना जळायला वाळके गवत उरेना, वणवे कमी झाले, आणि झाडांची रोपे जगू लागली. सेरेंगेटीत झाडे वाढली आणि तो प्रदेश हवेतला कार्बन सोडण्याऐवजी साठवू लागला, असे संशोधकांचे गणित आहे. एका गवत खाणाऱ्या प्राण्याची पाडसे जगू लागल्याने जंगल वाढावे, हे मला आजही थक्क करते.

पण इतके चालायचे कशाला?

पाऊस पडतो तेव्हा नू सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या उघड्या मैदानात असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची. गवत आखूड, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि पाजणाऱ्या आईला नेमके तेच लागते. पाऊस थांबला की ते मैदान काही आठवड्यांत वाळते आणि उरलेसुरले पाणी खारट होते. मग कळप पश्चिमेकडे आणि पुढे उत्तरेकडे मारा नदीच्या बाजूला जातात, जिथे कोरड्या ऋतूतही पाणी आणि थोडेफार हिरवे गवत असते. वर्षभरात हजार किलोमीटरहून अधिक चाल होते.

शरीरही त्यासाठीच घडलेले आहे. खांदे उंच, पाठ मागे उतरती, आणि दुडक्या चालीत फार कमी शक्ती खर्च होते. बोट्स्वानातल्या नूंवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या स्नायूंची कार्यक्षमता सुमारे ६२ टक्के भरली. गाईच्या स्नायूंची सुमारे ४२ टक्के. स्नायूने कमी ऊर्जा वाया घालवली की शरीर कमी तापते, आणि ते थंड ठेवायला पाणीही कमी लागते. त्या उष्ण प्रदेशात काही नू पाच दिवस पाणी न पिता ८० किलोमीटरपर्यंत चालले होते.

‘चारा-पाणी देऊन एका जागी ठेवता येणार नाही का?’

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो. बंदिस्त नू २४ वर्षे जगू शकतो, मग धोके कशाला? पण लाखो जनावरांना पुरेल इतका चारा कोणी रोज टाकू शकत नाही, आणि नुसते पाणवठे खोदले तर त्यांच्याभोवतीचे गवत आधी संपते. पाणी असूनही जनावर उपाशी मरते.

वाट अडवली की काय होते हे आफ्रिकेने पाहिले आहे. बोट्स्वानात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग रोखण्यासाठी कुंपणे उभारली गेली. १९८० च्या दशकातल्या अवर्षणात कालाहारीतले नू पाण्याकडे निघाले, कुंपणांनी त्यांची जुनी वाट तोडली होती, आणि हजारोंनी मेले. केनियात लोइटा मैदानात कुंपण नव्हते, गहू होता. तिथे विणाऱ्या माद्यांची मैदाने नांगराखाली गेली, आणि १९७७ मध्ये सुमारे १,१९,००० असलेले नू १९९७ मध्ये सुमारे २२,००० उरले. तिथले सिंह जास्त भुकेले झाले म्हणून हे घडले नाही.

‘पण माणसांच्या गुरांचे काय?’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. नूंच्या पाडसांच्या अंगात एक विषाणू असतो. त्यांना त्याने काही होत नाही, पण गाईला लागला तर ती बहुधा वाचत नाही. म्हणून मसाई गुराखी नू वितात त्या महिन्यांत आपली गुरे त्या उत्तम गवतापासून दूर नेतात आणि कमी कसाच्या चाऱ्यावर भागवतात. नू टिकावेत म्हणून सर्वांत मोठी किंमत दरवर्षी तेच मोजतात. संरक्षणाच्या योजनांत आणि पर्यटनाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा असावा, ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. नूची वाट त्यांच्या गायरानातून जाते. ते कुंपण घालतील की मोकळे ठेवतील, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

टांझानियात २०१० मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर भागातून पक्का महामार्ग नेण्याची योजना पुढे आली. तो स्थलांतराच्या वाटेलाच छेद देणार होता. प्रकरण पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने तिथे डांबरी रस्ता करण्यास मनाई केली. मारा नदीचा प्रश्न मात्र एका निकालाने सुटण्यासारखा नाही. ती केनियातल्या माऊच्या जंगलात उगम पावते, तिथली बरीच झाडे तोडली गेली आहेत, आणि वाटेत शेतीसाठी पाणी उचलले जाते. कोरड्या ऋतूत उत्तर सेरेंगेटीत भरवशाचे वाहते पाणी तिचेच. १९९३ सारखे अवर्षण पुन्हा पडेल तेव्हा त्या नदीत पाणी किती असेल आणि तिथवरची वाट मोकळी असेल का, यावर कळपातल्या माद्यांची पुढची वर्षे ठरतील.